आईच्या परसातला अनंत सोलापुरात पिवळा पडतोय

«माझं माहेर राजापूरचं. परसात विहिरीच्या कडेला आईनं लावलेला अनंत होता, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. घर विकायचं ठरलं तेव्हा मी त्याची गुटी बांधून घेतली (फांदीलाच मुळं फुटवून घेतली) आणि सोलापूरला आमच्या अंगणात लावली. त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी झाड बरं होतं. आता नवी पालवी येते तीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मार्च-एप्रिलमध्ये कळ्या धरतात, वाटाण्याएवढ्या होतात आणि काळ्या पडून गळतात. गेल्या वर्षी मोजून तीन फुलं आली. चहाचा चोथा, अंड्याच्या टरफलांचा चुरा, आंबट ताक, गंजके खिळे, बंबातली राख, ज्यानं जे सांगितलं ते सगळं घातलं. पाणी बोअरचं आहे. शेजारी म्हणतात, आपल्याकडे अनंत होत नाही, उपटा आणि तगर लावा. डोंबिवलीची बहीण म्हणते, आईचं झाड आहे, काहीही कर पण जगव. काय करू?»
एक वाचक, सोलापूर

ताई,

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं शेंड्याचं पान मी मोठं करून पाहिलं. पानभर लिंबासारखा पिवळा रंग आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. खालची जुनी पानं मात्र अजून बऱ्यापैकी हिरवी आहेत. एवढ्यावरून निदान जवळजवळ पक्कं होतं. तुमच्या झाडाला लोह मिळत नाही. लोह झाडात एकदा एका पानात गेलं की तिथून हलत नाही, जुन्या पानाकडून नव्याला देता येत नाही. म्हणून उपासमार आधी पालवीवर दिसते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं असतं तर उलट झालं असतं, आधी बुडाची पानं पिवळी झाली असती. तुमच्याकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला ते पान दाखवा. तो म्हणेल, हा तर केवडा. चुनखडीच्या रानात ऊस असाच पिवळापांढरा पडतो आणि कारणही हेच असतं.

आता गंमत अशी की सोलापूरच्या काळ्या मातीत लोह कमी नाही. ही माती ज्या काळ्या कातळापासून झाली त्यात लोह भरपूर आहे. पण मातीत चुनखडी असली की तिचा सामू, म्हणजे आंबट-अल्कपणाचा आकडा (पीएच), आठाच्या आसपास किंवा वर राहतो, आणि एवढ्या सामूला लोह मुळांना शोषता येईल अशा रूपात राहतच नाही. कोठार धान्यानं भरलेलं आणि दाराला कुलूप, अशी ही गत आहे. म्हणूनच गंजक्या खिळ्यांचा उपयोग झाला नाही. गंज म्हणजे त्याच कुलपाआडचं आणखी धान्य.

राजापूरला हे कुलूप नसतं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो चुना-क्षार धुऊन नेतो आणि मागे जांभ्याची तांबडी, आंबट माती उरते. अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपानकडचा. तिकडच्या पावसाळी जंगलातल्या आंबट, पालापाचोळ्याच्या मातीत वाढलेलं हे झाड आहे. कॉफी आणि एक्झोरा त्याचे भाऊबंद, त्यांचीही आवड तशीच. सामू पाच ते सहा असला की तो खूश. कोकणात तो आपल्या घरी असल्यासारखा वाढला, कारण माती आणि पाऊस दोन्ही त्याच्या ओळखीचे निघाले. सोलापूरला राजापूरच्या पावसाचा चौथा हिस्साही पडत नाही, आणि जमिनीतून वर येणारं बोअरचं पाणी चुना विरघळवूनच येतं. तुमच्या आंघोळीच्या बादलीला जो पांढरा थर बसतो ना, तोच थर चार वर्षं रोज थोडाथोडा अनंताच्या मुळांशी बसतोय. पहिल्या वर्षी झाड बरं होतं कारण गुटीच्या पिशवीतली मुळं तिच्या आंबट गोळ्यातच होती. ती बाहेर पडली आणि चुनखडीत गेली.

खात्री करायची असेल तर झाडाच्या आळ्यातली मूठभर माती वाळवून बशीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे. हे करून बघाच, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

तुम्ही घातलेल्या गोष्टींबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. अंड्याची टरफलं म्हणजे शुद्ध चुना. राख त्याहून अल्कधर्मी. या दोन्ही गोष्टी तुम्ही प्रेमानं घातल्या, पण त्यांनी दुखणं वाढवलं. आजपासून बंद. हाडांचा चुरा, संगमरवरी खडे आणि सिमेंटची कुंडीही त्याच माळेतली. गेरू लावल्यावर कुंडीच्या काठाला हौसेनं चुन्याचे पट्टे ओढतात, तेही नकोत. आंबट ताकानं सामू चार दिवस किंचित खाली येतो, मग मुंग्या आणि वास उरतो. चहाचा चोथा धुऊन घातला तर निरुपद्रवी आहे, पण औषध नव्हे.

शेजाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जमिनीत, बोअरच्या पाण्यावर, तुमच्या अंगणात अनंत होत नाही, हे त्यांचं बोलणं खरं आहे. पुष्कळ जण इथे म्हणतात की खड्डा मोठा खणा, गंधक घाला, माती आंबट करा. हिशोब करून बघू. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात साधारण 280 किलो माती मावते. समजा तिच्यात दहा टक्के चुनखडी आहे, म्हणजे 28 किलो. एवढा चुना मारायला नऊ किलो गंधक लागेल. आणि तो मारला तरी भोवतालच्या जमिनीतून आणि रोजच्या पाण्यातून नवा चुना येत राहील. ही लढाई जिंकता येत नाही. मी स्वतः पुण्यात पाच वर्षं ती लढलो. बोअरच्या पाण्यावर दोन अनंत एकामागून एक गमावले आणि दर वेळी दोष खताला दिला. पाण्याकडे पाहायला मला फार उशीर झाला. तुमच्या हातात अजून झाड आहे, म्हणून हे लिहितोय.

तेव्हा माझं सांगणं असं. झाड उपटून टाकू नका, पण जमिनीतून काढा. त्याला मोठ्या कुंडीत राजापूर तयार करून द्या. माती तिथली, पाणी आभाळातलं. हे एकदा करून सुटणारं काम नाही, हेही आत्ताच सांगतो. पाण्याची शिस्त कायम पाळावी लागेल. ती जमणार नसेल तर तगर लावा आणि मनाला लावून घेऊ नका. तगर तुमच्या जमिनीत सुखानं वाढेल. पण पत्राचा सूर बघता तुम्हाला जमेल असं मला वाटतं.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आत्ता मे महिना आहे, पारा 42 च्या घरात आहे. आत्ता मुळांना हात लावला तर झाड जाईल. आधी त्याला अंगात थोडं बळ येऊ द्या.

कृषी सेवा केंद्रात जाऊन चिलेटेड लोह मागा, पण पाकिटावरची अक्षरं वाचून घ्या. चिलेट म्हणजे लोहाला चुन्यापासून सांभाळणारं वेष्टण. त्याचे प्रकार आहेत आणि दुकानदार बहुधा स्वस्तातलं ईडीटीए काढून देतो. ते साडेसहाच्या वरच्या सामूला सुटतं, तुमच्या मातीत पैसे वाया जातील. तुम्हाला हवं ते ईडीडीएचए. काळपट-तांबडी भुकटी असते, पाण्यात टाकली की पाणी लालभडक होतं. महाग आहे, पण चुनखडीच्या जमिनीत टिकतं. तुमच्या भागातले द्राक्षवाले वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण येऊ नये. तुमच्या झाडाच्या अंगमानाला दहा ग्रॅम पाच लिटर पाण्यात कालवून संध्याकाळी आळ्यात ओता आणि वर पाचोळा पसरा, कारण उन्हानं ते खराब होतं. दोन-तीन आठवड्यांत नवी येणारी पालवी हिरवी दिसायला हवी. जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून खचू नका.

तोवर तात्पुरता आधार म्हणून हिराकसची (फेरस सल्फेटची) फवारणी करता येते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत. फवारा ताजा बनवा, ऊन उतरल्यावर मारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. प्रमाण वाढवू नका, पानांवर तपकिरी डाग पडतात. फरशीवर सांडलं तर तिथलाही डाग निघत नाही, तेव्हा खाली जुनं पोतं अंथरा.

झाड पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे असं फोटोत दिसतं. ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असेल. आजच चार बांबू रोवून वर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधा. अनंताला सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन पुरतं, दुपारचं सोलापुरी ऊन त्याला नको.

कळ्यांचं आता सांगतो. कळी गळणं हे वेगळं दुखणं नाही. उपाशी झाड कळी धरतं, मग तिला पोसायला अंगात काही नसतं. त्यात एप्रिल-मेच्या रात्रीही तुमच्याकडे 25 अंशांखाली फारशा उतरत नाहीत, वारा कोरडा आणि पाणी कधी भरपूर कधी विसरलेलं. अनंताच्या कळीला यातलं काहीच सोसत नाही. कोकणातला अनंत वळवाच्या सरी पडल्यावर, हवेत ओल आल्यावर खरा फुलतो. आईच्या परसात जून-जुलैत सकाळी पायऱ्यांपर्यंत वास यायचा असं तुम्हीच पत्राच्या इथे न छापलेल्या शेवटच्या भागात लिहिलं आहे. तेव्हा या वर्षी आता आलेल्या कळ्या सरळ खुडून टाका. हात धजावणार नाही, तरी खुडा. ती ताकद पानांना जाऊ द्या. कळ्या काळ्या पडतात म्हणून एकदा त्या पांढऱ्या कागदावर झटकून बघा. बारीक लांबट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. खोडाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर पाच मिली निंबोळी तेल आणि चमच्याच्या टोकाएवढा साबण लिटरभर पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. हिराकसची फवारणी त्याच दिवशी नको.

आता पाणी. माझ्या मते सगळं इथे ठरतं.

जून लागायच्या आत दोनशे लिटरचे दोन पिंप घ्या आणि गच्चीच्या पन्हळीखाली ठेवा. शंभर चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला की दोनशे लिटरच्या वर पाणी जमतं, म्हणजे एकाच चांगल्या सरीत एक पिंप. पहिली धुळीची सर जाऊ द्या, मग भरा. तोंडाला फडकं घट्ट बांधा, डास नकोत. कुंडीतल्या अनंताला उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर आणि थंडीत एखादा लिटर पाणी लागेल. म्हणजे ऑक्टोबर ते मे दोन पिंपांत पूर्ण भागणार नाही. म्हणून पावसाचं अर्धं आणि बोअरचं अर्धं असं मिसळा, आणि बोअरचा वाटा आधी आंबट करा. दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूसत. औषधांच्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात सामू मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी सहाच्या आसपास दाखवेल तोपर्यंत चिमूट चिमूट वाढवा. प्रत्येक बोअर वेगळा, त्यामुळे माझा चमचा आणि तुमचा चमचा सारखा निघेलच असं नाही. घरात एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उलट कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी आणि आरओ मशीनचं बाहेर टाकायचं पाणी या झाडाला कधीही घालू नका. दोन्हींत क्षार आटून दाट झालेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक तेच कुंड्यांना घालतात. अनंताच्या बाबतीत ही काटकसर घातक आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पालवी हिरवी झाली असेल तर गुट्या बांधा. मुख्य झाड हलवण्यात धोका असतो, म्हणून त्याची प्रत आधी तयार हवी. आईच्या झाडाची गुटी तुम्ही बांधून घेतली होती, तेव्हा कृती नवी नाही, तरी उजळणी करतो. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा, इंचभर साल पूर्ण गोल काढा, आतला हिरवट चिकट थर खरवडून टाका, आणि मॉस, म्हणजे सुकं शेवाळ, पावसाच्या पाण्यात भिजवून बांधा. बोअरच्या पाण्यात नको. तीन बांधा. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतील.

मोठं झाड उचलायला मी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरेन. कोकणात आषाढात झाडं लावतात, पण तुमच्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच होतो, ढगाळ दिवसही तेव्हाच सलग मिळतात. तोवर गुट्याही सुटलेल्या असतील. गणपतीला कुणी राजापूरकडे जाणार असेल तर त्यांना दोन गोण्या माती आणायला सांगा. जांभ्याच्या सड्यावरची, झाडाखालची, पाला कुजलेली. घर विकलं असलं तरी गावात ओळखी असतील. हे मी भावनेपोटी सांगत नाही, आंबट माती फुकट मिळायचं तुमच्याजवळ ठिकाण आहे म्हणून सांगतो. तरी त्या मातीत आईचं झाड पुन्हा लागेल याचं मला स्वतःलाही बरं वाटतंय.

कुंडी सोळा-अठरा इंचांची, भाजलेल्या मातीची किंवा प्लॅस्टिकची. तळाला खडीऐवजी नारळाची सोडणं. मिश्रणात राजापूरची माती दोन भाग, कोकोपीट एक भाग, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, स्वस्तातल्या विटांमध्ये मीठ असतं. झाडाचा एक तृतीयांश फांदोरा छाटा, मग आळ्याच्या कडेनं खणत मुळांचा गोळा उचला. बाहेरची काळी माती पावसाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुऊन काढा, पण मधला गाभा फोडू नका. सगळी माती काढायच्या हट्टानं बारीक मुळं तुटतात आणि मग झाड सावरत नाही. उरलेला चुना ईडीडीएचए सांभाळेल, दर दोन महिन्यांनी दोन-तीन ग्रॅम. लावल्यावर तीन आठवडे पूर्ण सावलीत, मग पूर्वेच्या बाजूला.

खताची घाई नको. नवी पालवी दिसल्यावर महिन्यातून एकदा चमचाभर अमोनियम सल्फेट ओल्या मातीत द्या. ते नत्रही देतं आणि माती आंबट ठेवायला मदत करतं. डीएपी नको, जादा स्फुरद लोहाला अडवतं. छाटणी करायची ती फुलांचा बहार संपल्या संपल्या, नंतर नाही.

एक सांगायचं राहिलं. शेजाऱ्यांना असंही सांगता येईल की अनंताच्या घराण्यातलं एक झाड आपल्या कोरड्या डोंगरांत आपापलं वाढतं. डिकेमाली. आजीच्या बटव्यातला तो उग्र वासाचा डिंक याच झाडाचा. त्याचं फूलही पांढरं, सुवासिक आणि दुसऱ्या दिवशी पिवळं पडणारं. त्याला कुणी कुंडी-पिंपांचे लाड करत नाही. अनंताला ती सवय नाही, एवढंच.

बहिणीबद्दल शेवटी. तुमच्या मनात असेल की पहिली रुजलेली गुटी आपल्याजवळ ठेवावी आणि उरली तर तिला द्यावी. माझं ऐकाल तर पहिली डोंबिवलीला पाठवा. तिथे नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, पाऊस भरपूर आहे, आणि गॅलरीतल्या साध्या कुंडीतही अनंत तुमच्यापेक्षा कमी कष्टात वाढेल. तुमच्याकडे काही चुकलं, एखाद्या उन्हाळ्यात पिंप रिकामे झाले, तरी आईचं झाड तिथे असेल, आणि पुन्हा गुटी बांधून आणता येईल. दुसरी गुटी तुमची. तिला पहिल्या दिवसापासून बोअरचं पाणी दाखवू नका.

नोव्हेंबरात शेंड्याच्या पानाचा फोटो पाठवा.